कोकणात तबला-पखवाज शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिंधुदुर्गात तबला आणि पखवाज शिकवतो. विशारद होऊन गावी परतू पाहणारे तरुण, मुलांना क्लासला घालणारे पालक आणि भजन मंडळांचे बुवा पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. बहुतेक उत्तरं शिकवणाऱ्यासाठी आहेत, काही पालकांसाठी.

फक्त शिकवून घर चालतं का?

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा मोठ्या गावांत जम बसला की चालतं. जम बसायला मात्र काही वर्षं जातात, आणि तोवर दुसरा आधार लागतो. लहान गावात नुसत्या क्लासवर भागत नाही. तिथला वाद्यशिक्षक सगळं थोडं थोडं करतो. संध्याकाळच्या शिकवण्या, एखाद्या शाळेतले तास, परीक्षेची तयारी, भजनाला आणि गायनाच्या कार्यक्रमांना साथ, जत्रेतली नाटकं, जमलं तर वाद्यांची किरकोळ दुरुस्ती. जोडीला घरची बाग नाहीतर भातशेती असतेच.

हे कमीपणाचं नाही. जो जत्रेत वाजवतो, त्याच्याकडे मुलं स्वतःहून येतात. आमच्याकडे पाटी लावून क्लास भरत नाही, लोकांनी तुमचा हात ऐकलेला असावा लागतो. म्हणून नव्या शिक्षकाला माझा पहिला सल्ला असतो की वर्षभर मिळेल त्या भजनाला साथ कर.

वर्षाचं वेळापत्रक कसं लावायचं?

पंचांग समोर ठेवून. शहरासारखे बारा महिने सारखे धरले तर जूनमध्येच निराशा येईल.

जून-जुलैत भाताच्या लावणीची कामं असतात. मुलं दमलेली असतात, ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाडीतली येऊच शकत नाहीत. या दिवसांत नवा पाठ कमी द्यावा, हातावर टाळी देत पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, जास्त करून घ्यावी. श्रावणात नामसप्ताह सुरू होतात, तेव्हा जरा हात बसलेल्या मुलांना सप्ताहात वाजवायला पाठवा. चतुर्थीच्या दिवसांत क्लास ठेवूच नका, कारण विद्यार्थी आणि मास्तर दोघेही घरोघरच्या आरत्या-भजनांत असतात. दिवाळीनंतर कार्तिकात जत्रा लागतात, आणि दशावताराचा हंगाम थेट मेपर्यंत चालतो. नाटक रात्रभर असतं, म्हणून नाटकाला वाजवणाऱ्याने दुसऱ्या दिवशीचा सकाळचा वर्ग धरू नये. अर्धवट झोपेत शिकवलेला कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) मुलाच्या हातात चुकीचा बसतो आणि तो सुधारायला महिना जातो. शिमग्यात पुन्हा खंड. मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं येतात, त्यांच्यासाठी वेगळा छोटा वर्ग ठेवावा, नेहमीच्या मुलांत मिसळू नये.

खरा सलग अभ्यास होतो तो नवरात्र संपल्यापासून शिमग्यापर्यंत. कायदे, रेले, परीक्षेचं साहित्य याच काळात घ्यावं.

शिकवायला विशारद असणं गरजेचं आहे का?

कायद्याने नाही. परीक्षांना मुलं बसवायची असतील तर स्वतः त्या वाटेने गेलेलं बरं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतात. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याच परंपरेतलं हे मंडळ. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि पुढे अलंकार, अशी ती वाट आहे.

पण प्रमाणपत्र आणि शिकवण्याची हातोटी या दोन निरनिराळ्या गोष्टी. अलंकार झालेले पण सात वर्षांच्या मुलाला ‘ना’ कुठे वाजतो हे दाखवताना अधीर होणारे लोक असतात. आणि एकही परीक्षा न दिलेले, वाडीतल्या दहा-पंधरा पोरांना हाताला धरून पखवाजावर बसवणारे म्हातारेही आहेत. नव्या शिक्षकाने अशा एखाद्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसावं. तो पोराचा हात कसा धरतो, कधी बोलतो आणि कधी गप्प राहतो, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

भजनात वाजवणारा मुलगा क्लासला आला तर सुरुवात कुठून करायची?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कोकणातला मुलगा कोरा येत नाही. मामाच्या, काकाच्या मांडीला मांडी लावून तो आरत्यांना वाजवत आलेला असतो. दहा वर्षांचं पोर भजनी ठेका चढत्या लयीत पंधरा मिनिटं न डगमगता धरतं. मात्र बोट कुठे पडतंय, बोलाचं नाव काय, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे, हे त्याला सांगता येत नाही. शहरातून शिकून आलेला शिक्षक हे बघतो आणि म्हणतो, “हे सगळं विसर, पहिल्यापासून सुरू करू.” मुलगा दोन महिने ‘ता’ आणि ‘ना’ घोटतो, मग चतुर्थी येते, तो पुन्हा काकाच्या शेजारी बसतो, आणि क्लास सुटतो. यात मुलाचा दोष नाही. त्याच्याकडे होतं ते काढून घेतलं, बदल्यात त्याला वाजवता येईल असं काही दिलं नाही.

तसं करू नका. त्याला पहिल्या दिवशी त्याचाच ठेका वाजवायला सांगा आणि शेवटपर्यंत ऐका. मग तोच ठेका तोंडाने म्हणून घ्या. इथे बहुतेक मुलं अडतात. हाताला येतं ते जिभेला येत नाही. आठ-दहा दिवस फक्त एवढंच करा. ठेका तोंडावर आला की त्याला दाखवा की पहिल्या अर्ध्यात तू ‘धिं’ वाजवतोस, दुसऱ्या अर्ध्यात ‘तिं’. दुसऱ्या वेळी तुझ्या डाव्या हाताची गुंज बंद होते, हीच खाली. तू ती नकळत पाळत आला आहेस. आता त्रिताल म्हण: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नवव्या मात्रेला खाली. मुलाचा चेहरा तिथे उजळतो, कारण आपण अडाणी नव्हतो हे त्याला कळतं.

त्यानंतर धुमाळी द्या, तीही भजनी ठेक्यासारखी आठ मात्रांचीच आणि भजनात ऐकलेली. मग दादरा, झपताल, रूपक. रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवरच येते, हे भजनातल्या मुलांना फार आवडतं.

हाताची ठेवण सुधारायचीच, पण हळूहळू, आणि त्याचं कारण समजून घेऊन. भजनाचा हात जड का असतो? मंडप उघडा असतो, शेजारी झांज आणि चकी कडाडत असतात, डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) समोरच्या बुवाला उत्तर द्यायचं असतं, गजर चढत जातो. तिथे नाजूक ‘तिरकिट’ पोचतच नाही. तो हात तिथे बरोबरच आहे. बैठकीत गायकाला साथ करताना दुसरा हात लागतो. मुलाकडे दोन्ही हात असावेत आणि कुठे कुठला काढायचा हे त्याला कळावं, एवढं शिक्षकाने पाहावं.

तबला आधी की पखवाज?

मुलाला घरी जे वाद्य ऐकायला मिळतं ते आधी. पखवाजावर पूर्ण पंजाने खुले बोल वाजतात, तबल्यात बोटं वेगवेगळी चालवावी लागतात. लहानपणी पखवाज वाजवलेल्याचा नाद भरदार येतो, पण बोटं सुटायला वेळ लागतो. दोन्ही एकदम सुरू करू नका. एकात वर्ष-दीड वर्ष गेलं की दुसऱ्याला हात घालावा.

पखवाज म्हणजे फक्त भजन, असं मात्र मुलांना वाटू देऊ नका. बारा मात्रांचा चौताल, चौदाचा धमार, दहाचा सूलताल हे त्यांना ऐकवा. नाना पानसे यांची परंपरा आपल्या मराठी मुलखातूनच निघालेली आहे, आणि कोकणातल्या पोराने एकदा तिच्यातलं परण ऐकलं की त्याला आपल्या वाद्याची उंची कळते.

कुठल्या घराण्याचं शिकवावं?

तुम्हाला गुरूकडून जे मिळालं ते. दिल्ली, अजराडा, लखनऊ, फरुखाबाद, बनारस, पंजाब ही सहा नावं परीक्षेपुरती मुलांना पाठ होतात, पण पहिल्या चार-पाच वर्षांत हात एकाच वळणाचा असावा. मोबाईलवरच्या क्लिप बघून मुलं दर आठवड्याला नवी फेक घेऊन येतात. रागावू नका, “हे पुढे करू” म्हणा आणि खरंच पुढे करा.

या किनाऱ्याचा स्वतःचा वारसाही त्यांना सांगा. गोव्याचे खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत, म्हणून त्यांना लयभास्कर म्हणतात. नागेशीचे पं. पंढरीनाथ नागेशकर उस्ताद अमीर हुसेन खाँसाहेबांकडे शिकले आणि मुंबईत त्यांनी कितीतरी तबलावादक घडवले. आपल्या सारख्याच माडा-पोफळीतून आलेला माणूस तिथवर गेला, हे मुलाला ठाऊक असावं.

दशावतारासाठी, नमनासाठी वेगळं शिकवता येतं का?

वर्गात थोडंच येतं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट प्रसंग उभा करत जातो आणि मृदंगमणी त्याच्या पायांकडे बघून वाजवतो. संकासुराची चाल वेगळी, राजाचा प्रवेश वेगळा, युद्धाची लय वेगळी. इथे कान आणि डोळे दोन्ही लागतात. वर्गात मी एवढंच करतो की एका मुलाला चालायला, थांबायला, गिरकी घ्यायला लावतो आणि दुसऱ्याने पावलं बघून बोल टाकायचे. तिहाई (तीनदा वाजवून संपवायचा बोल) नेमकी पाऊल थांबेल तिथे आली पाहिजे. बाकीचं शिक्षण जत्रेत, पेटीवाल्या बुवांच्या शेजारी बसून होतं. पालकांनी त्यासाठी रात्रीचं जागरण मान्य करायला हवं, पण दुसऱ्या दिवशी शाळा असेल तेव्हा नाही.

रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यात आणि जाखडीत तिथली स्वतःची वळणं आहेत. ती तिथल्याच मंडळींकडून घ्यावीत. सिंधुदुर्गातल्या शिक्षकाने ती आपल्या पद्धतीने “शुद्ध” करायला जाऊ नये.

देवळातला ढोल किंवा घुमट शिकवता का?

देवळातलं वाजवणं पिढ्यान्पिढ्या करणारी घराणी आहेत. ज्याला शिकायचं आहे त्याला मी त्यांच्याकडे नेतो, त्यांना गुरू म्हणून नमस्कार करायला लावतो, आणि मानधन देतो.

घुमट या मातीच्या तालवाद्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. मातीच्या भांड्याला पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि असं कातडं विकत घेणं हा गुन्हा आहे. आता शेळीचं कातडं वापरतात. नाद थोडा बदलतो, हाताने जुळवून घेता येतो. दोडामार्ग-सावंतवाडी भागात घुमट आरती करणाऱ्या मंडळांनी जुनं घुमट दुरुस्तीला देताना हे आधीच स्पष्ट सांगावं.

नवशिक्याने कुठलं वाद्य घ्यावं?

तबला घेताना पट्टी, म्हणजे तो कुठल्या स्वराला लागतो, ते बघा. तोंड जितकं लहान तितका स्वर उंच. पेटीवरच्या काळी एक या पट्टीला साधारण साडेपाच इंचाचं तोंड लागतं. भजनातल्या बुवांची पट्टी उंच असते, म्हणून साथीसाठी घेताना बुवांना विचारूनच घ्या. डग्गा तांब्या-पितळेचा, वजनदार असावा. हलका डग्गा मांडीजवळून सरकतो आणि मुलाचा डावा हात बिघडतो.

पखवाजात बोल्टचा की वादीचा (कातडी पट्टीने ताणलेला), हे प्रत्येक मंडळ विचारतं. बोल्टचा पान्याने पटकन चढतो-उतरतो, एका रात्रीत दोन-तीन पट्ट्या बदलणाऱ्या मंडळांना तो सोयीचा. शिकण्यासाठी मी वादीचाच सांगतो, कारण हातोडी आणि गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वापरून घर, म्हणजे काठाचा एकेक भाग, स्वरात मिळवताना मुलाचा कान तयार होतो. बोल्टच घेतला तर किनाऱ्यालगतच्या गावात नट खाऱ्या हवेने गंजतात, त्यांना तेलाचा हात अधूनमधून द्यावा.

पावसाळ्यात वाद्यं कशी सांभाळायची?

आमच्या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहून जास्त पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. कातडं ही दमट हवा शोषतं. पुडी (वाद्याच्या तोंडावरचं कातडं) सैल पडते, स्वर उतरतो, नाद मेल्यासारखा येतो. पुडीवरची काळी शाई लोखंडाच्या किसाची आणि खळीची असते, ओल लागली की ती सुटते, कडेने टवके उडतात. पुडीवर पांढरी बुरशी येते ती वेगळीच.

वाद्य जमिनीवर ठेवू नका, फरशी पावसात घाम धरते. लाकडी फळीवर किंवा कपाटात ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या वेळच्या वेळी बदला. जुन्या पिवळ्या बल्बचा कमी वॅटचा दिवा कपाटात खालच्या बाजूला, वाद्यापासून लांब लावून ठेवला तर ओल धरत नाही. चुलीजवळ शेकवू नका, आधणाच्या वाफेत तर मुळीच नको. बुरशी दिसली तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा, ओला बोळा फिरवू नका. वाजवून झाल्यावर हाताचा घामही पुसून काढा.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणिक वाजवून झाल्यावर त्याच दिवशी काढा. रात्रभर राहिली तर आंबते, झुरळं आणि उंदीर तिच्यासाठी पुडी कुरतडतात. कितीतरी मंडळांचे पखवाज असेच गेलेले मी पाहिले आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पावसात होत नाही, पाऊस गेल्यावर होतं. जुलै-ऑगस्टमध्ये स्वर चढत नाही म्हणून आपण गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या काठावर) हातोडी मारत राहतो, वादी ओढून घेतो. मग ऑक्टोबरचं ऊन पडतं, कातडं सुकून आकसतं, आणि एका दुपारी कपाटातच पुडी फाटते. म्हणून दसऱ्याच्या सुमारास सगळ्या वाद्यांचा ताण उतरवून घ्या. पावसात काळी एकचा तबला पांढरी एकला लागला तर चालवून घ्या, सरावाला त्याने काही अडत नाही.

पुडी बदलणारे कारागीर आपल्याकडे कमी आहेत आणि चतुर्थीच्या आधी त्यांच्याकडे रांग लागते. दुरुस्तीचं काम मे महिन्यातच देऊन टाका.

“चेडवाक तबलो शिकवतात काय?”

मुलीला तबला शिकवतात का? हो, अगदी. डॉ. आबान मिस्त्री मुंबईत एकल तबलावादन करत होत्या, अनुराधा पाल यांचं नाव आज जगभर आहे. आमच्याकडे अडचण वाद्याची नाही, साथीला बोलावण्याची आहे. मुलगी मध्यमा होते, उत्तम वाजवते, पण रात्रीच्या भजनाला तिला कोणी बोलावत नाही, आणि वाजवायला मिळालं नाही की हात मागे पडतो. यावर शिक्षकानेच वाट काढायची. महिला भजन मंडळं आता पुष्कळ आहेत आणि त्यांना पखवाजी मिळत नाही. तिथे आपल्या मुलींना बसवा. दिवसाच्या हळदीकुंकवाच्या, सप्ताहाच्या कार्यक्रमांत त्यांना पुढे करा. मुलीला फक्त परीक्षेपुरतं शिकवून थांबवणं मला अन्यायाचं वाटतं.

कुठल्या वयापासून?

सात-आठ. त्याआधी टाळ द्या आणि टाळ्या वाजवत मोजायला शिकवा.

फी किती घ्यावी?

आकडा गावागावाचा वेगळा, पण पद्धत सांगतो. महिन्याची फी ठरवा, तासाची नको. आमच्याकडे पाऊस, लग्नं, शेती यांनी तास बुडतात आणि तासाच्या हिशेबात दर महिन्याला खटके उडतात. जाण्या-येण्याचा खर्च, वाद्यांची दुरुस्ती आणि पावसाळ्यातली गळती धरून आकडा काढा आणि तो पहिल्याच दिवशी पालकांना स्पष्ट सांगा.

काही पालक नारळ, तांदूळ, आंब्याची पेटी आणून देतात. प्रेमाने घ्या, पण ते फीत वळतं करू नका, दोन्हीचा मान जातो. ज्याला खरंच परवडत नाही त्याची फी माफ करा आणि ती गोष्ट वर्गात कुणालाही कळू देऊ नका. भजन मंडळ फुकट शिकवायला सांगतं तेव्हा मंडळाने निदान एक चांगलं वाद्य वर्गासाठी द्यावं, असं ठरवून घ्यावं.

दहावीला वाढीव गुण मिळतात का?

शास्त्रीय कलेच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना राज्य मंडळ दहावीला वाढीव गुण देतं. किती परीक्षांना किती गुण, कागद कधी द्यायचे, हे नियम बदलत आले आहेत, म्हणून चालू परिपत्रक नववीतच शाळेत विचारून घ्या. फक्त गुणांसाठी आलेल्या मुलालाही मी परत पाठवत नाही, त्यातली काही मुलं पुढे टिकतात. पण दहावीच्या वर्षात तीन परीक्षा एकदम द्यायचा हट्ट कुणी धरला तर स्पष्ट नाही म्हणतो.

मुंबईतल्या मुलांना ऑनलाइन शिकवता येईल का?

येईल, मर्यादा ओळखून. आवाज पोचायला उशीर होतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही. मुलाने आपल्याकडे लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरणारी धून) लावून एकट्याने वाजवायचं, शिक्षकाने बघायचं, थांबवायचं, म्हणून दाखवायचं. कॅमेरा चेहऱ्यावर नको, वरून हातावर हवा. डग्ग्याची गुंज मोबाईलवर नीट येत नाही, म्हणून डाव्या हाताचं काम मे महिन्यात आणि चतुर्थीला मुलं गावी येतात तेव्हा प्रत्यक्ष करून घ्यावं. अगदी नवशिक्याला ऑनलाइन घेऊ नका.

बोटं, मनगट, पाठ दुखते. काय करावं?

सुरुवातीला बोटांची कातडी हुळहुळते, ते थांबतं. मनगटातून किंवा कोपरातून कळ येत असेल तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा कारण बसण्यात असतं. वाद्य लांब असतं, खांदे वर चढलेले असतात, डग्ग्यावर मनगट दाबून धरलेलं असतं. सलग दोन तास बसण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या तासाने उठून हात सैल सोडावे. रात्रभर वाजवून आलेल्याने दुसऱ्या दिवशी रियाज करू नये.

म्हातारपणी काय?

पगारी नोकरी नसलेल्यांना हा प्रश्न पोखरतो. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मासिक मानधनाची योजना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना अर्ज करता येतो, उत्पन्नाची अट आहे, आणि कला सादर केल्याचे पुरावे मागतात. हे पुरावेच कुणाकडे नसतात. आयुष्यभर वाजवलं, पण नाव छापलेला एक कागद घरात नाही.

म्हणून आजच एक फाईल करा. ज्या डबलबारीच्या किंवा नाटकाच्या पत्रिकेवर पखवाजी म्हणून तुमचं नाव आहे ती पत्रिका, मंडळाने दिलेलं पत्र, वर्तमानपत्रातलं कात्रण, तारखेसह फोटो, परीक्षेला बसवलेल्या विद्यार्थ्यांची यादी, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, ओल लागणार नाही असं ठेवा. आणि तुमच्या वाडीत ज्यांच्या हाताखाली अर्ध्या गावाने वाजवायला शिकलं असा कुणी म्हातारा पखवाजी असेल, तर त्यांचा अर्ज तुम्ही भरून द्या. पंचायत समितीत जाऊन सध्या अर्ज कुठे द्यायचा ते विचारा, मंडळाच्या बुवांकडून दाखले लिहून घ्या, आणि त्यांना सोबत घेऊन जा.